घर, मूल आणि संगणक : स्टेफनी शर्ली यांची कार्यदृष्टी

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे ग्रंथांची जपणूक करणाऱ्या वास्तूत संगणकाविषयी बोलावयाचे म्हणजे औचित्यभंग होतो की काय, अशी शंका काही ज्येष्ठ सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आजचा विषय यंत्राचा नाही. यंत्रासाठी काम करणाऱ्या माणसाचा, त्याच्या घराचा आणि त्या घरातील मुलाचा आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात संगणकक्षेत्रात आहेत. २०२० च्या साथीत त्यांचे कार्यालय घरात आले, आणि काहींच्या बाबतीत ते अद्याप पुरते परत गेलेले नाही. जेवणाच्या मेजाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला नातवाची वही, आणि आजीने ओठांवर बोट ठेवून मुलाला गप्प करावयाचे, हे दृश्य आता आपल्याही घरांतून परिचयाचे झाले आहे. ते अगदी नवे आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः अशा मेजावर बसून संगणकाचे काम करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९६२ साली एका स्त्रीने हेतुपूर्वक घालून दिली होती. तिचे नाव स्टेफनी शर्ली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. काम, मातृत्व आणि बदलते तंत्र या तिन्हींविषयी त्यांची मते ठाम होती, आणि त्यांतील बरीचशी त्यांनी प्रथम जगून पाहिली व मग मांडली.

शर्लीबाईंचा जन्म १९३३ सालचा, जर्मनीतील डॉर्टमुंड शहरातला. वडील ज्यू, व्यवसायाने न्यायाधीश. नाझी राजवटीत त्यांचे पद गेले. १९३९ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध अगदी उंबरठ्यावर आले असताना, ज्यू मुलांना इंग्लंडात सुखरूप पोचविणाऱ्या आगगाड्यांपैकी एका गाडीत पाच वर्षांची ही मुलगी आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीसह व्हिएन्नाहून निघाली. इंग्लंडच्या मध्यभागातील एका निपुत्रिक दांपत्याने दोघींना सांभाळले. आईवडील पुढे सुखरूप राहिले, भेटलेही. परंतु तुटलेला धागा पूर्वीसारखा जुळला नाही. आपला जीव परक्यांनी वाचविला, तेव्हा तो वाचविण्याजोगा होता हे आयुष्यभर सिद्ध करीत राहावयाचे, ही भावना त्यांनी वारंवार बोलून दाखविली आहे. त्यांच्या कामाच्या झपाट्याचे मूळ तेथे आहे.

गणिताची ओढ विलक्षण. मुलींच्या शाळेत तो विषय पुरेसा शिकविला जात नसल्याने त्यांना मुलांच्या शाळेत जाऊन शिकण्याची परवानगी मिळवावी लागली. १९५१ मध्ये त्या लंडनमधील डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात रुजू झाल्या. दिवसा नोकरी आणि रात्री वर्ग, असे सहा वर्षे करून गणिताची पदवी मिळविली. तेथे संगणक अक्षरशः सुटे भाग जोडून उभे केले जात, आणि त्यांना द्यावयाच्या आज्ञा यंत्राच्याच आकड्यांच्या भाषेत लिहाव्या लागत. त्या काळी स्त्रियांची वेतनश्रेणी निराळी, अर्थात कमी.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. आपल्या भाषेत ‘संगणक’ हा शब्द लेखक, गायक, शिक्षक यांच्याच साच्यात घडलेला आहे. तो कर्त्याचा वाचक आहे. इंग्रजीतही यंत्रे येण्यापूर्वी त्या अर्थाचा शब्द माणसासाठीच होता. मोठमोठी आकडेमोड करणाऱ्या पगारी माणसांना तो लावीत, आणि विसाव्या शतकात त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. नाव यंत्राकडे गेले आणि माणसे विसरली गेली.

१९५९ मध्ये त्यांचा विवाह डेरेक शर्ली या भौतिकशास्त्रज्ञाशी झाला. त्या काळच्या इंग्लंडात विवाह होताच, निदान पहिले मूल होताच, स्त्रीने नोकरी सोडावी असा संकेत होता. पतीच्या संमतीवाचून बँकेत खातेही उघडता येत नसे, असे त्यांनी नमूद केले आहे. याचा परिणाम असा की आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण घेतलेल्या, अनुभव असलेल्या कितीतरी स्त्रिया घरी बसून होत्या, आणि दुसरीकडे तेच काम करणाऱ्या माणसांचा तुटवडा होता. ही दोन टोके जोडावी, एवढीच शर्लीबाईंची मूळ कल्पना. १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर आणि आपल्या राहत्या घरात त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही संस्था काढली. निवृत्त झालेल्या स्त्री-प्रोग्रामरांना घरबसल्या काम मिळेल, अशी जाहिरात दिली. निवृत्त म्हणजे साठीच्या नव्हेत. पंचविशी-तिशीच्या, कडेवर मूल असलेल्या. व्यवसाय मागण्यासाठी स्वतःच्या नावाने धाडलेल्या पत्रांना उत्तरेच येईनात, तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्यांनी ‘स्टीव्ह शर्ली’ अशी सही करावयास आरंभ केला. मग उत्तरे येऊ लागली. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष अवघे तीन होते.

आता हे काम चाले कसे, ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. कारण आजच्या घरबसल्या कामाशी त्याची तुलना केल्यावाचून शर्लीबाईंचे म्हणणे नीट उमगत नाही. या स्त्रियांच्या घरी संगणक नव्हता. तो असण्याची शक्यताच नव्हती. एक यंत्र एक दालन व्यापीत असे. त्यांच्यापाशी होते कागद, पेन्सिल आणि दूरध्वनी. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रीला आवर्जून विचारीत की, तुम्हांला दूरध्वनी उपलब्ध आहे काय? प्रथम कामाचा ओघ दाखविणारी आकृती काढावयाची, मग एकेक आज्ञा कागदावर लिहावयाची, तो कागद टपालाने केंद्राकडे पाठवावयाचा. तेथे ती आज्ञावली पट्टीवर किंवा कार्डांवर छिद्रांच्या रूपाने उतरविली जाई, आणि चूक राहू नये म्हणून पुन्हा एकदा छिद्रे पाडून पडताळली जाई. एवढे सोपस्कार झाल्यावर तिची आणि संगणकाची गाठ पडावयाची. म्हणजे विचार करण्याची जागा घर होती आणि यंत्र दूर कोठेतरी होते. बाळ झोपल्यावर दोन तास, तो शाळेत गेल्यावर तीन तास, असे तुकडे जोडून हे काम होऊ शके, कारण दुसऱ्या बाजूला कोणी तत्क्षणी उत्तराची वाट पाहत बसलेले नसे.

मालगाड्यांची वेळापत्रके बसविण्यासारखी कामे या पद्धतीने झाली. कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानाच्या उड्डाणनोंदी टिपणाऱ्या पेटीसाठी लागणारी आज्ञावलीही अशीच तयार झाली. या कामाच्या प्रमुख ॲन मॉफट यांचे त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : घरातील मेज, पसरलेले कागद आणि शेजारी लहान मूल.

ग्राहकांना मात्र हे चित्र दाखविता येत नसे. शर्लीबाईंनी टंकलेखन यंत्राचा खडखडाट ध्वनिफितीवर मुद्रित करून ठेविला होता. दूरध्वनी आला की ती फीत मागे लावावयाची, म्हणजे पलीकडच्याला वाटे, मोठे कार्यालय गजबजलेले आहे; आणि बाळाचे रडणेही त्यात बुडून जाई. ही युक्ती सांगून लोक हसतात, त्यांच्या चातुर्याचे कौतुक करतात. कौतुक योग्यच आहे. पण त्या खडखडाटाखाली काय लपविले जात होते? मूल. काम उत्तम होते, वेळेवर होते, तरीही ते एका आईने केले आहे हे ग्राहकाला कळता कामा नये, अशी त्या जगाची अट होती. ती अट अजून गेली आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. २०१७ मध्ये बीबीसीवर एका प्राध्यापकांची घरून मुलाखत चालू असता त्यांची दोन मुले खोलीत शिरली, आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. लोक प्रेमानेच हसले. परंतु मूल दिसले हाच विनोद ठरला. ध्वनिफितीची जागा आज आवाज बंद करण्याच्या कळीने घेतली आहे, एवढाच फरक.

शर्लीबाईंच्या पद्धतीतील खरी महत्त्वाची गोष्ट मात्र दूरध्वनीही नव्हे आणि ध्वनिफीतही नव्हे. ती होती मोबदल्याची रीत. किती तास बसलात यावर नव्हे, तर कोणते काम पुरे केलेत यावर त्यांची मांडणी उभी होती. ग्राहकालाही त्या तासांचा हिशेब न देता संपूर्ण कामाची एक ठरावीक किंमत सांगत. अशी किंमत सांगणाऱ्या आरंभीच्या संस्थांत त्यांची गणना होते. याला व्यावहारिक कारण होते. ठरावीक किंमत सांगितली की कर्मचारी अर्धवेळ आहेत, घरी आहेत, हा प्रश्नच उपस्थित होत नसे. परंतु किंमत आधी सांगावयाची तर कामाचा अंदाज अचूक हवा. अंदाज अचूक हवा तर कामाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकाची लेखी पद्धत ठरली पाहिजे. एखादीचे मूल गोवराने आजारी पडले, तर तिचा भाग दुसरीला उचलता आला पाहिजे. अशा गरजेतून संस्थेने कामाची जी लेखी मानके तयार केली, ती पुढे नाटोपर्यंत पोचली, असे शर्लीबाईंनी सांगितले आहे. ज्या अडचणीमुळे स्त्रियांना काम नाकारले जाई, त्याच अडचणीने कामाला शिस्त लावली. संसारी माणूस कामात ढिला असतो, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते असणार?

आज प्रत्येकाच्या घरी यंत्र आहे, आणि त्या काळच्या दालनभर यंत्राहून अनेक पटींनी समर्थ असे यंत्र खिशातही आहे. तथापि घरी बसलेल्या कर्मचाऱ्याच्या कळफलकावर बोटे किती वेळ चालली, पडदा किती वेळ जागा होता, हे मोजणाऱ्या आज्ञावली विकल्या जातात आणि विकत घेतल्या जातात. संदेश आला की हिरवा ठिपका पेटतो आणि उत्तराची अपेक्षा तत्काळ सुरू होते. मग रात्रीचे जेवण असो की मुलाचा अभ्यास. म्हणजे कार्यालय घरी आले ते आपल्या घड्याळासह आणि मुकादमासह आले. शर्लीबाईंनी नेमके तेच दोघे दाराबाहेर ठेविले होते. तंत्र कमी होते म्हणून हे साधले, की विश्वास अधिक होता म्हणून? दोन्हींचा वाटा असावा. पण दूरध्वनीवरूनसुद्धा दर तासाला चौकशी करता आली असती. ती केली जात नसे, हे लक्षात घेतले पाहिजे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. संस्थेतील बहुसंख्य स्त्रिया शिकलेल्या, घरी दूरध्वनी परवडणाऱ्या होत्या. कामापुरताच मोबदला म्हणजे काम नसेल तेव्हा मोबदलाही नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मंदी आली तेव्हा संस्था बुडता बुडता वाचली. १९७५ मध्ये स्त्री-पुरुष भेदभावास बंदी करणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला, आणि मग केवळ स्त्रियांना काम देणे बेकायदा ठरून पुरुषांना प्रवेश द्यावा लागला. स्त्रियांच्या हितासाठी झालेल्या कायद्याने स्त्रियांची संस्था बदलली, ही गंमत शर्लीबाई स्वतःच रंगवून सांगत. पुढे त्यांनी मालकी टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांकडे सोपविली. पहिला चौथा हिस्सा स्वतःच्या वाट्यातून, एक पैसा न घेता दिला. १९९६ मध्ये समभाग बाजारात आले, तेव्हा सत्तर कर्मचारी लक्षाधीश झाले, तेही पौंडांत. कंपनीचे नाव २००१ मध्ये झान्सा झाले, नोएडा, चेन्नई आणि पुणे येथे तिची कार्यालये निघाली, आणि २००७ मध्ये ती एका फ्रेंच कंपनीने घेतली. पुण्यात तेथे काम केलेल्या किती जणांना तिचा जन्म सहा पौंडांत झाल्याचे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता जाइल्सविषयी. शर्ली दांपत्याचा हा एकुलता मुलगा १९६३ मध्ये जन्मला. देखणा, शांत बाळ. अडीच वर्षांचा असताना, येत होते ते मोजके शब्दही तो हरवून बसला, आणि पुन्हा कधीही बोलला नाही. ज्याला आज स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात, ती त्याच्या ठायी अत्यंत तीव्र होती. पुढे अपस्माराचे झटके सुरू झाले. त्या वर्षांत वैद्यकविश्वात काय समजत होते, हे आठवले म्हणजे मन विषण्ण होते. आई मायेने थंड असली की मूल असे होते, हे मत प्रतिष्ठित होते. ब्रूनो बेटेलहाइम यांचे तशा अर्थाचे गाजलेले पुस्तक १९६७ चे. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, १९६४ मध्येच याचे कारण शरीरात आहे असे मांडले होते. जुळ्या मुलांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा मोठा वाटा १९७७ मध्ये पुढे आला. तोवर किती मातांनी ते ओझे निष्कारण वाहिले असेल! त्यातही जी आई स्वतःची कंपनी चालविते, तिच्याकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना आपल्याला इंग्लंडला न जाताही करता येते. ‘आई नोकरी करते ना, म्हणून मूल असे,’ हे वाक्य आपल्या आळीत अजून ऐकू येते.

शर्लीबाईंनी काम सोडले नाही. कामातले तास हाच त्यांचा विसावा होता, असे त्यांच्या कथनावरून दिसते. पण शरीर आणि मन यांना मर्यादा असते. जाइल्स अंगाने वाढला, अनावर झाला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्या स्वतः कोलमडल्या. त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मुलालाही दीर्घकालीन रुग्णांच्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले, आणि तेथे त्याची अकरा वर्षे गेली.

हजारो मातांना घरी राहून काम करण्याची वाट दाखविणाऱ्या स्त्रीला स्वतःचे मूल घरी ठेवता आले नाही. याकडे दैवाचा क्रूर विनोद म्हणून पाहण्याचा मोह होतो. तथापि त्यातून त्यांच्या योजनेचीच मर्यादा दिसते. ती योजना एका गृहीतावर उभी होती : मूल मोठे होते. आज कडेवर आहे, उद्या शाळेत जाईल, आणि आईचे तास तिला परत मिळतील. जाइल्सच्या बाबतीत ते तास परत मिळावयाचे नव्हते. तेथे मोबदल्याची रीत बदलून भागणारे नव्हते आणि घरी दूरध्वनी असूनही उपयोग नव्हता. तेथे माणसे हवी होती, शिकलेली, सांभाळणारी, रात्रंदिवस हवी होती. आणि ती कोणत्याही एका कुटुंबाला पुरविता येण्यासारखी नव्हती. हे शर्लीबाईंनी ओळखले. त्यांच्या उत्तरायुष्यातील दानाचा विचार येथून सुरू होतो. साडेसहा कोटी पौंडांहून अधिक संपत्ती त्यांनी दिली, आणि ती मुख्यतः दोनच क्षेत्रांत : स्वमग्नता आणि संगणक. ज्यांची माहिती आपल्याला आहे तेथेच द्यावे, असे त्यांचे मत होते.

यांपैकी दुसऱ्या दानाची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रिटिश कॉम्प्यूटर सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. एवढ्या मोठ्या तंत्रज्ञ व्यक्तीने नव्या यंत्रांसाठी प्रयोगशाळा उभारली असती, तर ते साहजिक ठरले असते. त्यांनी २००१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात ‘ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट’ उभारावयास देणगी दिली. तेथे अभ्यास चालतो तो इंटरनेटमुळे समाजाचे, कायद्याचे, नीतीचे आणि माणसांच्या व्यवहाराचे काय होते याचा. चाळीस वर्षे आज्ञावलींच्या व्यवसायात घालविलेल्या स्त्रीला, यंत्र अधिक वेगवान कसे होईल यापेक्षा ते माणसाचे काय करील हा प्रश्न निकडीचा वाटला. बदलत्या तंत्राचे त्यांना भय नव्हते; नव्याची त्यांना हौसच होती. परंतु तंत्र आपोआप हितकर ठरेल, असा भाबडेपणाही नव्हता. घरबसल्या कामाच्या अटी जशा माणसांनी बसून ठरविल्या, तशाच याही ठरवाव्या लागतील, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. ‘लेट इट गो’ या आपल्या २०१२ च्या आत्मकथनाच्या नावातही त्यांनी माहिती-तंत्रज्ञानाच्या इंग्रजी आद्याक्षरांवर कोटी साधली आहे, आणि सोडून देणे हाच त्या पुस्तकाचा विषय आहे : कंपनी सोडून देणे, संपत्ती सोडून देणे, आणि जे सोडावेसे वाटत नाही तेही.

जाइल्सला त्यांनी रुग्णालयातून बाहेर काढले. त्याच्यासारख्यांना वस्तीत, साध्या घरात, सोबतीच्या माणसांसह राहता यावे म्हणून त्यांनी जी पहिली धर्मादाय संस्था स्थापन केली, तिच्या पहिल्या घरातला पहिला रहिवासी जाइल्स होता. तेथे त्याला काही बरी वर्षे मिळाली. ऑक्टोबर १९९८ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने तो वारला. बर्कशरमधील प्रायर्स कोर्ट ही तीव्र स्वमग्नता असलेल्या मुलांची निवासी शाळा, जी उभारण्यात शर्लीबाईंचे धन आणि श्रम दोन्ही लागले, ती पुढच्या वर्षी सुरू झाली. आपल्या संग्रहातील आधुनिक चित्रे आणि शिल्पे त्यांनी त्या शाळेला देऊन टाकली. बोलता न येणारी मुले जेथे येतात-जातात, त्या इमारतींत ती लावलेली आहेत.